शब्दचर्चा: छबी, प्रतिमा की सरळ इमेज?

अनुवादिनी
मंडळी, एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. आस्ट्रिड किर्शहेर या जर्मन फोटोग्राफर बाईंवर लेख लिहितेय. बीटल्स या बँडला लिव्हरपूलबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, म्हणजे १९६० मध्ये, हांबुर्गला तिने त्यांचे फोटो काढले. माझं वाक्य होतं, ‘आस्ट्रिडने बीटल्सची सुरुवातीची प्रतिमा घडवली.’ संपादकांचा शेरा आला, ‘प्रतिमा म्हटलं की पुतळा डोळ्यांसमोर येतो. इमेज लिहा.’ आता इमेज लिहायला माझी हरकत नाही, पण आपल्याकडे शब्दच नाही असं थोडंच आहे? काय लिहावं?

शंकेखोर
प्रतिमाच ठेवा की. ‘मंत्र्यांची प्रतिमा मलीन झाली’ असं रोज वाचतो, तिथे कुणाला पुतळा दिसत नाही.

अनुवादिनी
तीच तर अडचण आहे. प्रतिमा वर्तमानपत्रात फक्त मलीन होते, डागाळते, नाहीतर ‘उजळण्याचा प्रयत्न’ होतो. सगळी भांडी घासायची भाषा. सतरा ते वीस वर्षांची पाच पोरं, रात्री नाचगाण्याच्या तळघरात वाजवणारी. त्यांना कसली आलीय प्रतिमा?

डार्करूम
‘छबी’ का नको? आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. म्हातारी माणसं यायची ती ‘छबी काढायचीय’ म्हणत यायची. छबी म्हणजे फोटोही आणि माणसाचं दिसणंही. छबीदार, छबकडं हे शब्द त्याच घरातले. फोटोग्राफरमुळे एखाद्याचं दिसणं जगापुढे आलं असेल, तर दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात. ‘इमेज’मध्ये फोटो आहे पण जिव्हाळा नाही, आणि ‘प्रतिमे’त तर फोटोही राहिलेला नाही.

तसबीर मात्र नको हं. तसबीर भिंतीवर असते, हार घातलेली.

शंकेखोर
छबीवरूनच छबिना आला का? देवाची छबी पालखीत बसवून मिरवतात म्हणून?

कोशकिडा
नाही. दिसायला जोडी जमते, पण घराणी वेगळी. छबिना फारसीतला, ‘शब’ म्हणजे रात्र. आधी रात्रीची गस्त, मग देवाची रात्रीची मिरवणूक. छबी संस्कृत ‘छवि’वरून. आणि छवि म्हणजे मुळात कातडी, त्वचा. मग त्वचेचा रंग, मग कांती, मग रूप, आणि सगळ्यांत शेवटी चित्र. म्हणजे शब्द अंगावरून निघाला आणि कागदावर पोचला. हांबुर्गला ही मंडळी कातडी जाकिटं घालायला लागली होती ना? मग तर काय, अगदी व्युत्पत्तीला धरून वागले म्हणायचे.

चष्मिष्ट
शब्द कुठलाही घ्या, माझा आक्षेप ‘घडवली’वर आहे. कथा अशी सांगितली जाते की आस्ट्रिडने त्यांचे केस कापले, कपडे बदलले आणि बीटल्स तयार झाले. ती स्वतः आयुष्यभर हे नाकारत होती. तिचं म्हणणं, असे कपाळावर सोडलेले केस हांबुर्गच्या कितीतरी पोरांचे होते, मी कसले शोधून काढतेय! तिचा तेव्हाचा मित्र क्लाउस फोरमान याचेही तसेच होते.

क्रम बघा. ऑक्टोबर १९६० मध्ये तिच्याशी भांडण झालं म्हणून फोरमान एकटाच भटकत होता. ग्रोसे फ्राइहाइट या गल्लीत ‘कैझरकेलर’ नावाच्या तळघरातून गाणं ऐकू आलं म्हणून आत शिरला. मग तो तिला आणि युर्गन फोल्मर या मित्राला घेऊन गेला. ही तिघं कलाशाळेतली, काळे कपडे, फ्रेंच पुस्तकं, अस्तित्ववादाचं वेड. बीटल्समधला जॉन लेनन त्यांना ‘एक्झी’ म्हणायचा, म्हणजे एक्झिस्टेन्शियलिस्ट, अस्तित्ववादी. १९६१ मध्ये तिने केस कापले ते स्टुअर्ट सटक्लिफचे. तेव्हाचा बास गिटारवाला, आणि तोवर तिच्याशी लग्न ठरलेला. बाकीचे त्याला हसले. मग जॉर्ज हॅरिसन वळला. लेनन आणि मॅकार्टनीचे केस तिने कापलेच नाहीत. ते ऑक्टोबर १९६१ मध्ये पॅरिसला गेले होते, तिथे फोल्मरने कापले. ड्रमवाला पीट बेस्ट शेवटपर्यंत आपल्या कोंबड्यावर ठाम. पुढे १९६२ मध्ये सूट चढवले ते ब्रायन एप्स्टाइन या मॅनेजरने. आता सांगा, ‘घडवली’ कुणी?

शंकेखोर
कोंबड्यावर ठाम!! 😄

चष्मिष्ट
हसू नका, तोच मराठी शब्द आहे. ब्रिलक्रीम चोपडून पुढचे केस वर उभे करायचे त्याला कोंबडाच म्हणायचे आमच्या गल्लीत. आणि कपाळावर सोडलेले केस म्हणजे झुलपं. थोडक्यात आस्ट्रिडच्या मित्रांनी या पोरांना कोंबड्यावरून झुलपांवर आणलं.

हांबुर्गकर
उशिरा आलो. इथे बीटल्सना ‘पिल्झक्योप्फ’ म्हणायचे, म्हणजे अळंबीडोके. मराठीत शब्दशः आणायला गेलात तर कुत्र्याची छत्री होईल, तेव्हा झुलपंच बरी.

रेपरबान हा रस्ता आणि ग्रोसे फ्राइहाइट मिळतात त्या कोपऱ्यावर २००८ पासून ‘बीटल्स-प्लाट्स’ आहे. रेकॉर्डच्या तबकडीसारखा गोल चौक, (गोल चौक! असो) आणि कडेला पोलादी पट्टीच्या नुसत्या बाह्यरेषा. माणसं नाहीत, चेहरे नाहीत, आत हवा. सटक्लिफ जरासा बाजूला. लोक त्या पोकळीत उभे राहून फोटो काढून घेतात. गेल्या आठवड्यात पाहिलं, एक आजोबा लेननच्या आकारात मावत नव्हते, बायको म्हणत होती पोट आत घ्या. याला प्रतिमा म्हणायचं असेल तर म्हणा. छबी नक्कीच नव्हे.

डार्करूम
चष्मिष्ट, तुमचा मुद्दा मान्य, पण केसांच्या नादात तुम्ही फोटोच विसरलात. केस कापायच्या कितीतरी आधीचे आहेत ते, १९६०च्या हिवाळ्याच्या तोंडावरचे. तिने पोरांना सकाळी डोम नावाच्या जत्रेच्या मैदानावर नेलं. जत्रेचे पाळणे बंद, मागे ट्रक, लोखंड, लाकडी फळ्या. हातात वाद्यं. कुणी हसत नाही. त्या काळी गाणाऱ्या पोरांचे फोटो म्हणजे गुळगुळीत पडदा, चकचकीत दात आणि गिटार पोटाशी. इथे अंगावर रात्रभर वाजवल्याचा शीण आहे आणि तो तिने लपवलेला नाही. डोक्यावर अजून कोंबडेच आहेत, तरी पुढचे बीटल्स तिथेच दिसायला लागतात.

तिचा कॅमेरा रोलायकॉर्ड, वर-खाली दोन भिंगांचा. वडिलांकडे त्याच जातीचा याशिका होता म्हणून सांगतो. असा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. त्यात डावं ते उजवं दिसतं. याचे दोन परिणाम. एक, फोटो कमरेच्या उंचीवरून निघतो, त्यामुळे समोरचा किंचित उंच आणि जरबेचा दिसतो. दुसरा, समोरच्याला फोटोग्राफरचे डोळे दिसत नाहीत, वाकलेली मान दिसते. आपल्यापुढे कुणी मान झुकवून उभं असलं की माणूस सैल पडतो, तोंडावरचं फोटोपुरतं हसू गळून जातं. वडील त्याच क्षणाची वाट बघायचे. एका रिळात फक्त बारा फोटो, वाट बघणं परवडायचं नाही तरी बघायचे.

आणि उजेड. एका बाजूने येणारा, अर्धा चेहरा उजळ, अर्धा काळोखात. नोव्हेंबर १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं वेष्टण आठवा. तो फोटो रॉबर्ट फ्रीमनचा, इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या हॉटेलात काढलेला. पण चार अर्धे चेहरे आणि काळे गळाबंद स्वेटर बघितले की हांबुर्ग आठवतंच. ही तिची छाप. छायाचित्र हा शब्द मला एरवी सरकारी वाटतो, या फोटोंना मात्र अक्षरशः लागू पडतो.

अनुवादिनी
‘छाप’! प्रभावासाठी हाच घेते. फोटोग्राफरची छाप, छापलेला फोटो, दोन्ही आलं. पण छाप पडली की पाडली?

कोशकिडा
पडली. छाप पाडणारा माणूस आरशासमोर तयारी करून येतो. ती फोटो काढून मोकळी झाली होती.

शंकेखोर
‘बीटल्सचा चेहरामोहरा बदलला’ कसं वाटतं?

अनुवादिनी
बसस्थानकाचा बदलणार असतो तो. दर निवडणुकीआधी.

हांबुर्गकर
क्रियापदावर माझे दोन पैसे. जर्मनमध्ये फोटोला एक शब्द आहे ‘आउफनामे’, शब्दशः उचलून घेणं. ध्वनिमुद्रणालाही तोच, आणि इस्पितळात दाखल होण्यालाही तोच. मराठीत आपण उलट करतो, फोटो ‘काढतो’. आतलं बाहेर. भांग काढतो, कोंबडा काढतो, काटा काढतो, आणि फोटोही काढतो. डार्करूम म्हणतात तसं, ते हसू गळल्यावर जे बाहेर येतं ते काढायचं. तेव्हा ‘छबी घडवली’ नको, ‘छबी काढली’.

अवांतर: डोम म्हणजे कॅथेड्रल. पूर्वी बाजार त्याच्या आवारात भरायचा. देऊळ गेलं, जत्रेला नाव राहिलं.

चष्मिष्ट
‘काढली’ला +१. मग तो एक फोटो लेखात घ्याच. १० एप्रिल १९६२ला सटक्लिफ मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, वय २१. दुसऱ्या दिवशी लेनन, मॅकार्टनी आणि बेस्ट हांबुर्गला उतरले आणि विमानतळावर त्यांना ही बातमी आस्ट्रिडनेच सांगितली. नंतर तिने लेनन आणि हॅरिसनचा फोटो काढला, स्टुअर्ट चित्रं काढायचा त्या माळ्यावरच्या खोलीत. लेनन बसलेला, जॉर्ज मागे उभा, जॉर्ज जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्या फोटोत कुणाची कसली इमेज बनतेय हो?

डार्करूम
खरंय. आणि कॅमेरा धरणारीचं काय झालं तेही लिहा. साठच्या दशकाच्या शेवटाकडे तिने फोटो काढणं जवळजवळ सोडलं, कारण लोकांना तिच्याकडून बीटल्सचेच फोटो हवे होते. २०२० च्या मे महिन्यात गेली, ८२ वा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

अनुवादिनी
सगळ्यांचे आभार. लेखात असं वाक्य पाठवलं: ‘बीटल्सना पुढे अनेकांनी सजवलं. आस्ट्रिडने सजवायच्या आधी त्यांची छबी काढली, आणि तिची छाप पुढच्या सगळ्या फोटोंवर पडली.’

अनुवादिनी
ताजा कलम. मुद्रितं आली. संपादकांनी ‘छबी’ खोडून ‘छवि’ केलंय. हिंदीतल्यासारखं, वर ऱ्हस्व.

कोशकिडा
मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, एवढं तरी त्यांना कळवा.

शंकेखोर
कळवू नका, पुन्हा इमेज करतील.