शब्दचर्चा: पिरोजा, कोंदण आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी

प्रश्न: अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नवाहो आणि झुनी या मूळनिवासी जमातींच्या कारागिरांच्या चांदीकामावर नाशिकमधल्या एका प्रदर्शनासाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. वाळवंटावरच्या आकाशासारखा दिसणारा तो खडा ‘टर्क्वॉइज’ लिहावा की पिरोजा? त्याला धरून ठेवणाऱ्या चांदीच्या पट्टीला कोंदण म्हटलं तर कुंदनाशी गल्लत होईल का? आणि सराफ बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, ते या चांदीला चालेल?

प्रतिसाद १: पिरोजाच लिहा. फिरोजाही चालतो, पण एका मजकुरात एकच रूप ठेवा. रंगाच्या बाबतीत मात्र जपून. ‘पिरोजी’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे हिरवट छटा येते, म्हणून निव्वळ निळ्या खड्याला ‘अस्मानी’ म्हणा. हा फरक खनिजातलाच आहे: निळा रंग तांब्याचा, लोह वाढलं की खडा हिरव्याकडे झुकतो. ॲरिझोनातल्या ग्लोबजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा पिरोजा स्वच्छ अस्मानी रंगासाठीच ओळखला जातो. काही खड्यांवर काळ्या-तपकिरी रेषा असतात, त्यांना ‘भेगा’ लिहू नका. ती मूळ खडकाची जाळी आहे. भेग म्हटलं की गिऱ्हाइकाला खडा तडकलेला वाटतो.

प्रतिसाद २: कोंदण हाच योग्य शब्द. कुंदन ही कोंदणाची एक रीत झाली: त्यात शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती दाबून बसवतात, आच लागत नाही. चांदीच्या या कामात आधी पट्टीचं घर झाळून (वितळलेल्या धातूने जोडून) घेतात, मग खडा आत ठेवून काठ त्याच्यावर वळवतात. गल्लत टाळायची असेल तर ‘पट्टीचं कोंदण’ लिहा.

पट्टी शुद्ध चांदीची, साधारण ०.३ मिमी जाड. मऊ असल्याने काठ सहज वळतो. तळाचा पत्रा ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीचा, ०.५ ते ०.६ मिमी. १८ × १३ मिमीच्या लंबगोल खड्याला लांबी-रुंदीची सरासरी १५.५ गुणिले ३.१४ म्हणजे ४८.७ मिमी, पट्टीची जाडी धरून सुमारे ५० मिमी कापावी. पट्टीच्या जोडाला जास्त तापमानाला वितळणारी झाळ आणि तळाला त्याहून कमी तापमानाची, नाहीतर दुसऱ्या वेळी पहिला जोड सुटतो. टाकणखार (बोरॅक्स) लावून आच पत्र्याला खालून द्यावी. पातळ पट्टी पत्र्याआधी तापते, ज्योत थेट तिच्यावर धरली तर ती क्षणात गोळा होते.

खडा बसतो का हे पाहताना त्याच्याखाली दोरा घालावा. घट्ट घरात गेलेला खडा दोऱ्याशिवाय बाहेर निघत नाही, आणि टोकरून काढायला गेलं की कड उडते.

प्रश्नकर्ता: म्हणजे खडा सगळ्यात शेवटी? आणि चांदी काळी करायची ती कधी?

प्रतिसाद २: खड्याच्या आधी. पिरोजा सच्छिद्र असतो आणि त्याच्या घडणीतच पाणी असतं. आच लागली की रंग जातो, खडा तडकतो. गंधकाचं द्रावण, तेल, साबण सगळं तो पितो आणि डागाळतो. म्हणून क्रम असा: झाळणं, साफ करणं, काळं करणं, उठावाच्या जागा ओपणं, मग खडा.

प्रतिसाद ३: ‘ऑक्सिडाइज्ड’ टाळा, कारणं दोन. तो काळा थर ऑक्साइडचा नसतोच, गंधकाशी संयोग होऊन झालेलं सिल्व्हर सल्फाइड असतं. दुसरं, बाजारात याच नावाखाली जर्मन सिल्व्हरचे दागिनेही विकले जातात. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. चांदी त्यात नाही. ‘काळवलेली ९२५ चांदी’ लिहिलं की शंका राहत नाही. नवाहो-झुनी कारागिरांच्या नक्षीला ‘उठावाचं काम’ असं सरसकट लिहू नका. पोलादी ठसे ठोकून उमटवलेली असेल तिथे ‘ठशाचं काम’ म्हणा. उठावात पत्रा मागून फुगवतात.

खड्याच्या वर्णनात अजून एक शब्द लागेल. बाजारातल्या बऱ्याच पिरोज्यात कणखरपणासाठी कृत्रिम राळ मुरवलेली असते. तो नकली नव्हे, ‘राळ मुरवलेला पिरोजा’ लिहा. नकली म्हणजे रंगवलेला हाऊलाइट, एक पांढरं खनिज. मोह्स मापावर त्याचा कठीणपणा ३.५, पिरोज्याचा ५ ते ६. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून मागच्या बाजूने पुसला आणि कापूस निळा झाला, तर खड्याला रंग दिलेला आहे. मात्र कापूस पांढरा राहिला म्हणून खडा अस्सल ठरत नाही, रंग राळेने पक्का केलेला असू शकतो.

आणि पत्रकात निगेची एक ओळ हवीच: चिंच, लिंबू, रिठ्याचं पाणी या दागिन्याला लावू नये, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. आपल्याकडे चांदी म्हटली की हात आधी चिंचेकडे जातो.