साहेब तोंडी म्हणाले होते… मॅनेजरशी कागदावर भांडावं की गपगुमान नोकरी बदलावी?

सांगलीची हळद (धागाकर्ती)

मागच्या वर्षी जूनमध्ये वडिलांना सांगलीत आयसीयूत हलवलं. रात्री साडेअकराला मॅनेजरला फोन केला. "अगं जा तू, आधी घरचं बघ, इथलं मी सांभाळतो." इतकं बरं वाटलं की फोन ठेवून रडले. पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. सहा दिवसांनी परत आले. महिनाअखेर पगार बघते तर सहा दिवस बिनपगारी, आणि पुढे अप्रेझलच्या फॉर्मवर एक ओळ : 'पूर्वसूचना न देता गैरहजर.' विचारायला गेले तर साहेब लॅपटॉपवरून नजरही न उचलता म्हणाले, "मी जा म्हणालो. रजा मंजूर केली असं कुठे म्हणालो?"

मी खूप विचार केला. माणूस दुष्ट आहे असं आजही वाटत नाही. वरून हजेरीची विचारणा झाली असणार आणि त्याने स्वतःची मान सोडवून घेतली. पण त्याची मान सुटली ती माझ्याकडे कागद नव्हता म्हणून.

तेव्हापासून माझा नियम आहे. मॅनेजरशी रजा, काम, तारीख, रेटिंग यांपैकी कशाहीबद्दल बोलणं झालं की त्याच दिवशी त्यालाच दोन ओळींचा मेल. "सर, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे वडील आयसीयूत असल्याने उद्यापासून रजेवर जात आहे. यात काही बदल असेल तर कळवावे." दुसरं वाक्य विसरायचं नाही. उत्तर आलं नाही तरी ते कामाला येतं. तक्रारीचा सूर नको, सीसीमध्ये कुणी नको. आपल्याकडे लोक नोकरी सोडतील, बीपीच्या गोळ्या सुरू करतील, पण 'बॉसला मेल टाकणं बरं दिसत नाही' म्हणून गप्प राहतील. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं?

बोरघाट

ताई, वडील आता बरे असतील अशी आशा. पण तुमचा सल्ला नवीन पोरांसाठी घातक आहे आणि मी तो अमलात आणून बसलोय, म्हणून बोलतो.

आमचे साहेब शनिवार-रविवार कामाला बसवायचे आणि टाइमशीटमध्ये आठवड्याचे चाळीसच तास भरायला लावायचे. मी एचआरला मेल लिहिला. तारखांसकट, दीड पान. सकाळी अकरा दहाला पाठवला. साडेअकराला कॅन्टीनच्या रांगेत मागून साहेबांचा आवाज आला, "काय लेखक, पोहे घेणार का?" सगळी रांग हसली. नोकरी सोडेपर्यंत मी 'लेखक'च होतो. दोन महिन्यांनी पीआयपी, म्हणजे 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन', हातात. कागदावर ती सुधारण्याची संधी असते. माझ्या पाहण्यात त्यातून पास होऊन बाहेर आलेला एकच जण आहे आणि तोही पुढच्या तीन महिन्यांत गेला.

एचआरचा पगार कोण देतं हे एकदा नीट समजून घ्या. मॅनेजर वाईट निघाला की लिंक्डइन झाडून-पुसून ठेवायचं, नव्वद दिवसांच्या नोटिशीचा हिशोब मांडायचा आणि हसतमुखाने बाहेर पडायचं. रिलीव्हिंग लेटर त्याच्याच सहीने निघतं आणि पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन त्याच्याच दारावरून जातं. स्वाभिमान मलाही आहे. होम लोनही आहे.

कटिंग_मारके

+१ बोरघाट. आमच्याकडे अशा माणसाला 'पत्रकार' म्हणतात.

अण्णा बेलापूर

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात तीस वर्षं युनियनचं काम केलं, आता निवृत्त. दोघांचंही पटतं, पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. नोकरीतला अन्याय ही नुसती मनाला लागायची बाब नाही, त्याची कायद्यात यादी आहे. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, त्याची चौथी अनुसूची काढून वाचा. सूडबुद्धीने कामावरून काढणं त्यात आहे. गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं हेही आहे. तक्रारीची मुदत नव्वद दिवस. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे.

आता अडचण सांगतो. हे संरक्षण 'कामगारा'ला आहे. व्यवस्थापकीय काम करणारा त्यात बसत नाही, आणि पर्यवेक्षकाला नव्या संहितेत महिना १८,००० रुपयांची मर्यादा आहे. पूर्वी ती १०,००० होती. म्हणून कंपन्या कालच्या पोराच्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापतात. हाताखाली एक माणूस नसतो, पण हुद्दा झोकदार! न्यायालयं मात्र हुद्दा बघत नाहीत, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतात. आणि काय काम करत होता हे सिद्ध कशाने होतं? ताई म्हणतात त्या दोन ओळींच्या मेलने.

बोरघाट, तुमच्या शनिवार-रविवारबद्दल. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय माणूस त्याच्याही बाहेर. तुम्ही नुसता कोडिंग करत असाल तर वाद घालायला जागा होती. पण टाइमशीटवर चाळीस तास तुम्ही स्वतःच्या हाताने भरलेत. दीड पानाचा मेल एकीकडे, तुमची स्वतःची नोंद दुसरीकडे. मेल करूनही तुम्ही हरलात त्यातलं अर्धं कारण हे आहे. वाईट वाटून घेऊ नका, आमच्या काळातही पोरं कोऱ्या व्हाउचरवर सह्या करायची.

बोरघाट

अण्णा, टाइमशीटचं खरं आहे, लागलं. पण लेबर कोर्टात तारखांवर तारखा पडतात तेव्हा ईएमआय थांबतो का? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं होती, डॉ. दत्ता सामंतांसारखा नेता होता. काय झालं ते परळ-लालबागच्या माणसाला विचारा. माझे मामा त्यात होते. मी तर एकटाच होतो, तोही लॅपटॉप घेऊन.

खुर्चीत_बसलेला

मी तो मॅनेजर आहे ज्याच्याबद्दल तुम्ही बोलताय. म्हणजे तोच नव्हे, पण तसलाच. चौदा माणसं हाताखाली.

ताई, तुमच्या साहेबांनी केलं ते चूकच. पण रोज संध्याकाळी 'आजच्या चर्चेनुसार' असा मेल यायला लागला की माझं काय होतं सांगू? मी त्या माणसाशी मोकळेपणाने बोलणं बंद करतो. 'जरा लवकर निघ, मी बघतो' हे वाक्य तोंडातून जात नाही, कारण त्याचाही उद्या मेल होईल आणि तो वर दाखवला जाईल. नियमाबाहेरची सवलत तोंडीच असते हो. कागद मागितलात तर नियम मिळेल.

आता रेटिंगचं. एका काचेच्या खोलीत पाच मॅनेजर, भिंतीवर एक्सेल, आणि प्रत्येकाच्या टीममधून ठरावीक टक्के लोक खालच्या खणात टाकायचेच. त्याला 'नॉर्मलायझेशन' म्हणतात. १९८० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्चने वरचे वीस, मधले सत्तर आणि खालचे दहा टक्के अशी माणसं वाटायला सुरुवात केली आणि ते जगभर पसरलं. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली. आमच्याकडे नाव बदललं, खण तेच राहिले. माझी चौदाही माणसं चांगली असली तरी एक-दोन नावं मला द्यावीच लागतात.

कुणाचं देतो? खरं सांगतो, शिव्या घाला. नुकताच आलेल्याचं. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेलीचं. आणि जो ऐकून घेईल त्याचं. ज्याच्या मेलची फाइल आहे त्याच्या नावाशी आलो की हात थोडा थबकतो.

नाव_नको

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली ती मी. इतक्या सहजपणे लिहिलंत की दोनदा वाचलं. २६ आठवड्यांची रजा कायद्याने दिली, परत आल्यावर 'या वर्षी तुझं काम कमी दिसतंय' हेही ऐकवलं. वर्षातला निम्मा काळ कायदेशीर रजेवर असलेल्या बाईचं काम बाकीच्या निम्म्यातच मोजायला हवं, एवढं गणित एक्सेल येणाऱ्याला येत नाही?

खुर्चीत_बसलेला

बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

चाकणकर पंच

तुमचं मेल न् अप्रेझल वाचून गंमत वाटली. आमच्याकडं काँट्रॅक्टवर साडेचारशे पोरं. सुपरवायझर गेटवरच सांगतो, "आज लाइन बंद, घरी जा." हजेरी पंच झालेली नसती, दिवस गेला. दुसऱ्या महिन्यात म्हणणार, "तूच खाडे करतो." मेल कुणाला टाकायचा? काँट्रॅक्टर फोन उचलत नाय.

पण ताईंचं म्हणणं आम्ही आधीपासून करतो, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर. गेटवरूनच सुपरवायझरला, "साहेब सेकंड शिफ्टला आलो होतो, तुम्ही लाइन बंद सांगितली म्हणून परत चाललो." निळ्या टिका पडल्या की स्क्रीनशॉट. पंधरा जणांनी एकाच वेळी टाकला त्या महिन्यात अर्धे खाडे निघाले. एकट्यानं टाकला असता तर गेटपास गेला असता. बोरघाट भाऊंचं इथं चुकलं असं मला वाटतं, एकटे लिहायला गेले. आणि पोरांनो, पीएफ पगारातून कापला म्हणजे भरला असं नसतं. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून दर महिन्याला बघा.

अण्णा बेलापूर

चाकणकर, शाब्बास. भर घालतो : ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे आहे. गेटवरचा सुपरवायझर हे कधी सांगणार नाही.

रिलीव्हिंग लेटरचा बाऊ करणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तिच्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत देय वेतन चुकतं करायचं आहे. पंचेचाळीस दिवसांचं 'फुल अँड फायनल' ही कंपन्यांनी पाडलेली सवय. आणि पीएफवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनी टाकत नसेल तर दोन महिने थांबून पोर्टलवर स्वतः टाकता येते.

म्युनिकचा मुलुंडकर

इथे जर्मनीत प्रत्येक नोकरीनंतर मालकाने लेखी प्रशस्तिपत्र द्यायचंच असतं आणि ते वाईट शब्दांत लिहिता येत नाही. मग त्यांनी सांकेतिक भाषा काढली. 'त्यांनी प्रयत्न केले' असं लिहिलं की समजायचं, माणूस कुचकामी. माझ्या मित्राला ते वाक्य मिळालं आणि तो खुश होऊन आईला वाचून दाखवत होता. तात्पर्य वगैरे काही नाही, कागद आला म्हणून न्याय आला असं नसतं इतकंच. मात्र नोकरीवरून काढलं तर इथे तीन आठवड्यांत कोर्टात जावं लागतं, आणि लोक जातात. कुणी 'लेखक' म्हणत नाही.

कटिंग_मारके

ताई, एक धोक्याची सूचना. ऑफिसचे मेल वैयक्तिक जीमेलवर फॉरवर्ड करू नका. आमच्या एकाला त्याच कारणाने काढला. मॅनेजरचा मेल होता, पण खाली क्लायंटची फाइल जोडलेली राहिली होती. आपल्या वहीत तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवा. चालतं.

सांगलीची हळद

वहीचं लक्षात ठेवते, हे मला सुचलं नव्हतं. खुर्चीत_बसलेला, तुमचं 'कागद मागितलात तर नियम मिळेल' हे वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. पण मला सवलत नकोच होती हो. माझ्या नियमातल्या, शिल्लक असलेल्या रजा होत्या. त्या मिळायला साहेबांचा मूड लागत असेल तर तो मोकळेपणा तुमच्या सोयीचा आहे, माझ्या नाही.

बोरघाट

शेवटी त्या सहा दिवसांचं झालं काय, ते सांगितलंच नाहीत.

सांगलीची हळद

त्या रात्रीचा कॉल लॉग, दवाखान्याचं कार्ड आणि एसटीचं तिकीट, असं जोडून त्यांनाच मेल केला. एचआरला नाही. पैसे ऑगस्टच्या पगारात आले. अप्रेझलमधली ओळ तशीच आहे. आणि साहेब आता माझ्याशी फक्त मेलवर बोलतात. मधे एक डेस्क आहे.