पाणकणसे मोडायची की आपण सरकायचे?

गोदाकाठ: नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या फोटोंविषयी एका छायाचित्रकाराने सल्ला दिला आहे की क्षितिज कधीही मध्यावर घेऊ नये आणि समोरची पाणकणसे (काठावरचे कणसांचे उंच पाणगवत) आड येत असतील तर ती मोडून चौकट मोकळी करावी. नवशिके हे खरे मानतील, म्हणून सविस्तर लिहितो. असे फोटो बहुधा कॅमेऱ्याच्या उंचीमुळे फसतात. कमरेच्या उंचीवरून टिपले की कणसांची टोके पलीकडच्या बाभळींच्या बुंध्यांत मिसळतात आणि सगळ्याचा एकच तपकिरी पट्टा होतो. तोच कॅमेरा डोक्यावर धरला, तर कणसे आणि बुंधे यांच्यामध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी उघडते आणि दोन्ही सुटे दिसू लागतात. अगदी खाली बसले तर कणसे आकाशावर उमटतात; मग तीच फोटोचा विषय होतात आणि झाडे मागे राहतात. वारा पडलेला असून प्रतिबिंब पुरे मिळत असेल, तर क्षितिज खुशाल मध्यावर घ्यावे.

जुनी_लेन्स: एक-तृतीयांशाचा नियम (क्षितिज मध्यावर न घेता वरच्या किंवा खालच्या एक-तृतीयांशावर घ्यावे) १७९७ मध्ये इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने लिहिला आणि आजही तो उपयोगी पडतो, याला काही कारण असेलच ना? मध्यावरच्या क्षितिजाने फोटोचे दोन सारखे तुकडे पडतात आणि नजर कुठेच ठरत नाही. उंचीची कसरत करण्यापेक्षा २०० मिमीची, दूरचे मोठे दाखवणारी लेन्स लावून बाभळी जवळ ओढाव्यात आणि पोलरायझरने (लेन्सवर फिरवायच्या फिल्टरने) पाण्याची चकाकी घालवावी.

गोदाकाठ: स्मिथने ते चित्रकलेच्या संदर्भात लिहिले होते. कणसे आणि बाभळी यांचे परस्परांशी प्रमाण आपण कुठे उभे आहोत यावरून ठरते. लेन्स त्यातला तुकडा कापून देते, एवढेच. पोलरायझर पूर्ण फिरवला तर चकाकीबरोबर झाडांचे प्रतिबिंबही जाते, मग पाणी कशासाठी दाखवायचे?

निफाडची_वाट: तुमचे क्षितिज राहू द्या, कणसे मोडण्याविषयी कोणी बोलणार आहे की नाही? चापडगावच्या बाजूला एका गटाने एका फोटोसाठी काठावरचा पट्टा तुडवलेला मी पाहिला आहे. जांभळी पाणकोंबडी त्याच गवतात चरते.

जुनी_लेन्स: चार काड्या वाकवल्या की लगेच आम्ही गुन्हेगार! विणीचा हंगाम पावसाळ्यातला, थंडीत तिथे घरटी नसतात. शेतकरी हेच गवत कालव्यातून उपटून फेकतात, त्यांना कोणी विचारत नाही.

निफाडची_वाट: कालवा वेगळा आणि अभयारण्य वेगळे. परवान्याशिवाय अधिवासाची नासधूस करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे, आणि ही जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. घरटी नसली तरी थंडीत आलेले परीट पक्षी रात्री अशाच गवतात उतरतात. तुम्हाला चौकट हवी असेल तर दोन पावले डावीकडे सरका.

उन्हाची_दिशा: दोन पावले सरकून बरेच साधते, पण सूर्य पाठीशी असेल तर सरकूनही कणसे सपाटच दिसतात. सकाळी ऊन समोरून येऊ द्यावे: फुटलेल्या कणसाच्या कापसाला उजळ कड येते, मागच्या बाभळी सावलीत जातात आणि काहीही न तोडता कणसे वेगळी उठतात. वारा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नये.

जुनी_लेन्स: समोरच्या उन्हाचा मुद्दा मान्य करतो, आणि अभयारण्यात गवताला हात लावू नये हेही, कारण कायदाच तसा आहे. मध्यावरच्या क्षितिजाबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. प्रतिबिंबाचा एक तरी फोटो दाखवा ज्यात वरचा अर्धा भाग झाकला तरी खालचा पाहावासा वाटतो, मग बोलू.