शब्दचर्चा : ‘क्षणभंगुर’ रेणू की ‘अल्पजीवी’?

प्रश्न (औंध, पुणे) : दहावीच्या मुलांसाठी ज्वलनावर लेख लिहिते आहे. शेगडीवर मिथेन जळताना मधल्या पायरीवर मिथिल मूलक (मूलक म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून चटकन जोडला जाणारा रेणू) तयार होतो आणि लगेच संपतो. अवरक्त वर्णपटात, म्हणजे तो कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते पाहून, त्याला पकडतात. अशा रेणूंना मी ‘क्षणभंगुर’ म्हटलं, संपादकांनी ते खोडून ‘अल्पजीवी’ केलं. मला माझाच शब्द आवडतो. काय चुकलं?

उत्तर (पाषाण) : ताई, अडचण ‘भंगुर’ची आहे. ‘भंज्’ म्हणजे मोडणे. भंगुर म्हणजे मोडण्याचा स्वभाव असलेला. मिथिलचा तो स्वभावच नाही. एकटा असला तर तो मोडत नाही, कुणी भेटलं की जोडला जातो. दोन मिथिल भेटले की इथेन! 1954 मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी असे रेणू गोठवलेल्या निष्क्रिय वायूत अडकवून ठेवण्याची रीत मांडली. तिथे भेटायला कुणी नसतं, म्हणून ते टिकतात आणि वर्णपट सावकाश घेता येतो.

‘क्षण’सुद्धा तपासून पाहा. मिथिल सपाट असतो : मधे कार्बन, भोवती तीन हायड्रोजन. पावसाळ्यात लकडी पुलावर वाऱ्याने छत्री उलटते ना, तसा तो एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फुगतो. या कंपनाला छत्री-कंपनच म्हणतात. त्याची खूण वर्णपटात सुमारे 606 प्रति सेंटिमीटरला (एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या इतक्या लाटा मावतात) दिसते, म्हणजे तो एक मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा लाखावा भाग, जरी जगला तरी तेवढ्यात जवळजवळ 1 कोटी 80 लाख झोके. एका झोक्याच्या मानाने ते आयुष्य काही लहान नव्हे.

उत्तर (सदाशिव पेठ) : पटलं, पण सरसकट नको. फॉर्मिल मूलक (एक कार्बन, एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) ज्योतीच्या उष्णतेत, इतर रेणूंचे धक्के खाऊन, खरोखरच तुटतो : हायड्रोजन वेगळा, कार्बन मोनॉक्साइड वेगळा. त्याला ‘भंगुर’ शोभतं. दोघांना एकच शब्द हवा असेल तर ‘अल्पजीवी’, कारण तो किती जगला एवढंच सांगतो, कसा संपला ते सांगत नाही.

प्रश्नकर्ती : आणि ‘अवरक्त’ म्हटलं की मुलं रक्ताचा विचार करतात, त्याचं काय?

उत्तर (पाषाण) : रक्तचंदन दाखवा. ‘रक्त’ म्हणजे मुळात रंगलेलं, तांबडं. ‘अव’ म्हणजे खाली : तांबड्याहून कमी वारंवारतेचा प्रकाश. शब्द बदलू नका, तो अगदी नेमका आहे.

प्रश्नकर्ती : मग ‘अल्पजीवी’ राहू देते. फॉर्मिलच्या परिच्छेदात मात्र ‘भंगुर’ लिहीन.