मदत हवी आहे: सासूबाईंच्या माकडहाडावर चट्टा आलाय, स्पिरिट-पावडर चालू ठेवायचं का?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. सासूबाई ८३ वर्षांच्या, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून बहुतेक वेळ पलंगावरच. वॉकर घेऊन चार पावलं टाकतात पण त्यालाही मूड लागतो. रात्री डायपर असतो.

काल अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा चट्टा दिसला. आई सावळ्या आहेत त्यामुळे लाल म्हणावं की जांभळट ते कळेना, पण बोटाने दाबलं तरी रंग जात नाही आणि हाताला तेवढीच जागा गरम लागते. साल निघालेलं नाही. दिवसपाळीच्या मावशी म्हणतात, काही नाही ताई, स्पिरिट लावून पावडर टाकून चांगलं चोळलं की जातं, आधीच्या पेशंटला मी असंच करायचे. मावशी कामाला चोख आहेत आणि चांगल्या मावशी मिळणं किती अवघड आहे ते ज्याला गरज पडते त्यालाच माहीत, म्हणून उगाच दुखवायचं पण नाहीये. नणंदेने पुण्याहून बसायचं रबरी चक्र पाठवलंय, ते वापरू का?

दुसरं म्हणजे खाज. आम्ही नाशिकला, थंडी आहेच, नडग्यांवर खवल्यांसारखी कातडी झालीय, खाजवून खाजवून रक्त काढतात. अंघोळीला कढत पाणीच हवं आणि साबण दोनदा. कोमट पाण्याने घालायला मी काय तान्ही आहे का, हे रोज ऐकते.

शेवंती:
सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते, आता रिटायर. मावशींचं चूक म्हणू नका, स्पिरिट-पावडरने पाठ चोळायला आम्हालाही शिकवलेलं, पण आता ते करत नाहीत. स्पिरिटने कातडी अजून कोरडी पडते, आणि जिथे आधीच दाबाने रक्त पोचत नाहीये तिथे चोळलं की आतून इजा वाढते. दाबल्यावर रंग जात नाही म्हणजे बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी धरा. आजपासून त्या जागेवर वजन नको. दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, नाहीतर खुब्याच्या हाडावर दाब येतो. ऑपरेशनच्या बाजूला कितपत वळवायचं ते मात्र त्यांच्या सर्जनना विचारून घ्या. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा, टाचा सगळे विसरतात. पलंगाची डोक्याकडची बाजू फार वर करू नका, पेशंट खाली घसरतो आणि कातडी आतल्या आत ओढली जाते. वर सरकवायचं तर काखेत धरून ओढायचं नाही, आडव्या चादरीसकट दोघींनी उचलायचं.

चक्र नको. कडेला दाब पडून मधल्या भागाचं रक्त अजून अडतं. डायपरच्या जागी पावडरऐवजी झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा, ओलाव्याने पावडरच्या गुठळ्या होतात आणि त्याच काचतात. शुगर आहे तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. साल निघालं, काळं पडलं, वास आला किंवा ताप आला तर वाट बघू नका.

अडकित्ता:
बाबांसाठी एअर मॅट्रेस घेतली होती, फरक पडतो. भाड्यानेही मिळते. फक्त वर गोधडी अंथरू नका, पातळ सुती चादर एकच, आणि तीही चुणी न पडता. गादीखाली माकडहाडाच्या जागी हात घालून बघायचं, हाड हाताला टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही, आमच्याकडे सगळे तसंच समजून बसले होते.

कोमटपाणी (नाव आजच बदललं 😄):
खाजेचं सांगते. या वयात कातडीतलं तेल कमी होतं, कढत पाणी आणि साबण उरलेलं पण काढून नेतात. साबण फक्त काखा, जांघा, पावलं, बाकी अंगाला नुसतं पाणी, आणि पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटपा. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची. नडग्यांना १० टक्के युरियाचं क्रीम चांगलं पण जिथे खाजवून साल गेलंय तिथे झोंबतं. शुगरवाल्यांना पायाच्या बोटांच्या बेचक्यात काही लावू नका. नखं कापा. एक विचारू, खाज रात्री वाढते का, घरात किंवा मावशींना पण खाजतंय का? तसं असेल तर खरूज असू शकते, मग सगळ्यांनी एकदम औषध घ्यावं लागतं. आणि मेडिकलवाला देईल ती स्टिरॉइडची मिक्स ट्यूब मुळीच नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. नाही, बाकी कोणालाच खाज नाही. चक्र माळ्यावर टाकलं. डॉक्टर उद्या घरी येतायत. मावशींना कसं सांगू पण?

शेवंती:
तुम्ही सांगूच नका, उद्या डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच वदवून घ्या. आणि कूस बदलायची वही त्यांच्याच ताब्यात द्या, वेळ आणि डावी-उजवी एवढंच लिहायचं. रात्रपाळीला कोण आहे?

धागाकर्ती:
रात्री मी आणि हे. बारा, दोन, चारचा अलार्म लावते.