टाऊन हॉल आणि न्यू पॅलेसमध्ये शूटिंग: परवानगी, लाइट, फरशी

रंकाळाकाठ: मंडळी, 1890 च्या काळातली शॉर्टफिल्म करतोय. कोल्हापुरातल्या टाऊन हॉलच्या आत दोन सीन, न्यू पॅलेसच्या बाहेर एक. युनिट 18 जणांचं. अर्जाला काय जोडायचं? आणि वास्तूला धक्का न लावता लाइट कसे लावायचे?

जुनादगड: टाऊन हॉलमध्ये राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, त्यामुळे अर्ज त्यांच्याकडे. न्यू पॅलेस छत्रपती घराण्याचा, तिथली परवानगी वेगळी. दोन्हीकडे सीनची पानं, माणसांची संख्या, प्रत्येक लाइटचे वॅट आणि कुठली वस्तू कुठे ठेवणार याचा नकाशा जोडा. नुसतं 'शूटिंग करायचं आहे' असं लिहिलेला अर्ज लोंबकळतो. सामान आत नेण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यासोबत भिंती-फरशीचे फोटो काढा. जुना तडा नंतर तुमच्या नावावर नको.

लाइटमनदादा: लाइट शक्यतो बाहेर ठेवा. उंच खिडकीतून एचएमआय (दिवसाच्या उजेडासारखा प्रखर लाइट), मध्ये फ्रेमवर डिफ्यूजन (प्रकाश मऊ करणारं कापड). फ्रेम वाऱ्याने उलटते, म्हणून प्रत्येक स्टँडला वाळूच्या पिशव्या हव्यातच. एचएमआयची पुढची काच यूव्ही अडवते, ती तडकलेली असेल तर तो लाइट वापरूच नका. आत फक्त एलईडी. कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर 50 लक्सच्या वर प्रकाश जाऊ देऊ नये, असा संग्रहालयांचा प्रचलित दंडक आहे; लक्समीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) सोबत ठेवा. 1000 वॅटचा हॅलोजन 230 व्होल्टला सव्वाचार अँपिअर ओढतो, असे चार म्हणजे जुन्या वायरिंगवर सतरा. भिंतीच्या प्लगला हात न लावता जनरेटर व्हॅन लांब उभी करा, नाहीतर घरघर साउंडमध्ये येईल. मेणबत्त्या, धूर अजिबात नको. काजळी दगडाच्या छिद्रांत बसते, मग निघत नाही. लुकलुकणारे एलईडी दिवे पुरतात.

ट्रायपॉडखाली फेल्ट, त्यावर 12 मिलिमीटर प्लायवूड. ट्रॉलीच्या रुळांखालीही तेच. गॅफर टेप (शूटिंगची कापडी चिकटपट्टी) भिंतीला चिकटवलात तर काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. स्विचबोर्ड झाकायचा असेल तर पुढे सुटा पडदा उभा करा.

जुनादगड: न्यू पॅलेसचा (1877 ते 1884) दगड काळा, घासलेला. कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर तो दगड उजळायला जातो आणि चेहरे जळतात. ग्रे कार्डवर (करड्या रंगाचं मापाचं कार्ड) एक्स्पोजर घ्या, चकाकीला पोलरायझर फिल्टर. ड्रोन लावणार असाल तर आधी सरकारच्या ऑनलाइन ड्रोन-नकाशावर त्या जागेचा झोन बघा, उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे.

रंकाळाकाठ: दादा, प्लायचं माप लिहून घेतलं. हॅलोजन यादीतून काढतो.