तातडीने मदत हवी: डिलिव्हरीत बाळाचे ठोके बघायचं मशीन लावू द्यावं का?

घणसोली_से७: बायकोला ३७ वा आठवडा. ती एचआयव्ही पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. कळा सुरू झाल्या की ठोक्यांचं मशीन लावणार म्हणाले. त्याची तार बाळाच्या डोक्यात टोचतात आणि तिथून लागण होते असं वाचलं. नको म्हणून सांगू का? लवकर सांगा.

कळवा_नाका: गोळ्या कधीपासून? व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलीत किती विषाणू) किती? हे सांगितल्याशिवाय काय बोलणार?

जुनी_सिस्टर: २२ वर्षं लेबर रूममध्ये होते. पोटावर पट्टे बांधून काढतात ते सीटीजी. त्यात टोचत काही नाही, त्याला नाही म्हणू नका, बाळ दमतंय का ते त्यावरच कळतं. तुम्ही वाचलेली तार वेगळी. ती पाण्याची पिशवी फुटल्यावर बाळाच्या डोक्याच्या कातडीत अडकवतात. आई पॉझिटिव्ह असेल तर ती टाळतात. पिशवीही उगाच लवकर फोडत नाहीत.

वाशी_१७: सरळ सिझर करा. आमच्या मावसबहिणीचं केलं, बाळ निगेटिव्ह आहे.

जुनी_सिस्टर: बाळ निगेटिव्ह आलं ते गोळ्यांमुळेही असेल ना! नाकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या) नियमात नुसत्या एचआयव्हीसाठी सिझर नाही. उपचार नसतील तर बाळाला लागण १५ ते ४५ टक्के, नीट उपचार असतील तर ५ च्या खाली.

वाशी_१७: अमेरिकेत लोड १००० च्या वर असला की सिझरच सांगतात.

कळवा_नाका: अहो, पण यांचा लोड किती ते कुठे कळलंय?

ऐरोलीची_आई: वरचं दूध आत्ताच आणून ठेवा, माझ्या धाकट्याला पचलं होतं.

जुनी_सिस्टर: ताई, असं परस्पर सांगू नका. अंगावरचं आणि वरचं मिसळून देणं या बाळांना जास्त धोक्याचं.

घणसोली_से७: टीएलडी (एचआयव्हीची रोजची गोळी) ३ वर्षं चालू, एकही दिवस चुकलेला नाही. गेल्या महिन्यात लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. आधीच्या हॉस्पिटलने कळल्यावर दुसरीकडे बघा म्हटलं, म्हणून या नर्सिंग होममध्ये सांगितलेलंच नाही.

कळवा_नाका: हे आधी सांगायचं ना भाऊ! त्यांना माहीतच नसेल तर ती तार ते टाळतील कशी?

जुनी_सिस्टर: आणि बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळायला नेविरपिन या औषधाचं सिरप सुरू करावं लागतं, साधारण ६ आठवडे. सहाव्या आठवड्यात बाळाची टेस्ट. न सांगता हे होणार नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गुन्हा मानलंय की नाही यावर वाद घालू नका, मनाई आहे एवढं पक्कं. एआरटी सेंटरच्या (तिच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या) समुपदेशकाला सोबत घेऊन बोला, नाहीतर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. कळांमध्येही तिची गोळी वेळेवर द्या.

घणसोली_से७: कार्ड ठाण्याच्या एआरटी सेंटरचं आहे. उद्या सकाळी दोघंही जातो.

जुनी_सिस्टर: लोडचा रिपोर्ट घेऊन जा.